प्रिन्सेस स्ट्रीटचा सर्जिकल बाजार: जव्हार-मोखाड्याच्या ऑपरेशन थिएटरसाठी काय घ्यावं, काय टाळावं

मत आधीच सांगून टाकतो. हत्यारं, कापड, सुया-दोरे, नळ्या आणि सुटे भाग यांसाठी मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजाराला तोड नाही. विजेवर चालणारी मोठी मशीन मात्र इथे फक्त बघायला जावं. भाव आणि मॉडेल समजून घ्यावं आणि खरेदी थेट कंपनीकडून, लेखी सर्व्हिस करार करूनच करावी. बाकीचं सगळं लिखाण म्हणजे या दोन मतांमागची कारणं आहेत.

हे परीक्षण शहरातल्या नर्सिंग होमसाठी नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगड अशा तालुक्यांत ऑपरेशनची सोय उभी करणाऱ्यांसाठी आहे, मग ते ट्रस्टचं वीस खाटांचं हॉस्पिटल असो, मिशनचा दवाखाना असो की ग्रामीण रुग्णालयाला हातभार लावणारी संस्था. मुंबईहून जव्हार दीडशेएक किलोमीटर. तिथून रुग्ण पुढे पाठवायचा तर नाशिक गाठायला घाटातून दोन तास मोडतात. अडलेली बाळंतीण, फुटलेलं आतडं आणि हाड बाहेर आलेला पाय, या तीन गोष्टी थांबत नाहीत. जागतिक शस्त्रक्रियेवरच्या लॅन्सेट आयोगाने 2015 साली हेच तीन मापदंड धरले: सिझेरियन, पोट उघडून करायचं ऑपरेशन आणि उघड्या फ्रॅक्चरवरचे उपचार. जिथे हे तीन दोन तासांच्या आत होतात, तिथे बाकीची बहुतेक ऑपरेशनंही होऊ शकतात. खरेदीची यादी म्हणून याच तिघांपासून सुरू करावी. युरॉलॉजी, दुभंगलेले ओठ, दुर्बिणीची ऑपरेशनं त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलेल्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, महागडी दुर्बीण कपाटात पडून राहते आणि सिझेरियन नाशिकला जातं.

बाजार नीट समजून घ्या

मरीन लाइन्स स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की शामलदास गांधी मार्ग सुरू होतो. पाटीवर काहीही असो, सगळे त्याला प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतात. औषधांचे घाऊक व्यापारी आणि सर्जिकलची दुकानं या रस्त्यावर आणि आतल्या गल्ल्यांत आहेत. चालत दहा-पंधरा मिनिटांत लोहार चाळ येते, तिथे वायर, एमसीबी, स्टॅबिलायझर, एलईडी ड्रायव्हर. पुढे नागदेवी स्ट्रीटवर रबर, गॅस्केट, होस पाइप, प्रेशर गेज, पितळी फिटिंग. आणि क्रॉफर्ड मार्केटजवळ मंगलदास मार्केट, ओटीच्या कापडासाठी. ओटीला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंपैकी फार थोड्या या पट्ट्याबाहेर शोधाव्या लागतात. हीच या बाजाराची खरी ताकद आहे. ऑनलाइन साइटवर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने हत्यारं-कापड निर्जंतुक करणारं यंत्र) मिळतो, पण त्याच्या झाकणाचं गॅस्केट नेमक्या मापाचं, हातात धरून, जुन्याशी ताडून घेता येत नाही. नागदेवीला येतं.

जाताना यादी मापासकट हवी. नुसतं 'निडल होल्डर' (सुई धरायची पकड) लिहिलेली यादी घेऊन गेलं तर दुकानात जे जास्त पडून आहे ते गळ्यात पडतं. लांबी इंचात, टोक सरळ की वाकडं, दातेरी की साधं, नग किती, एवढं तरी लिहावं. प्रत्येक वस्तूचं पक्कं जीएसटी बिल घ्या. वैद्यकीय उपकरणांच्या 2017 च्या नियमांत उपकरणांचे धोक्यानुसार चार वर्ग आहेत, अ सगळ्यात कमी धोक्याचा. त्यानुसार ब वर्गाच्या आणि अ वर्गातल्या निर्जंतुक किंवा मोजमापाच्या उपकरणांना 2022 च्या ऑक्टोबरपासून, आणि क, ड वर्गाच्या उपकरणांना 2023 च्या ऑक्टोबरपासून परवाना बंधनकारक आहे. म्हणजे पाकिटावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असायला हवी आणि विकणाऱ्याकडे एमडी-42, म्हणजे उपकरणं विकण्याची नोंदणी हवी. हर्नियाची जाळी, इम्प्लांट, स्पायनलच्या (पाठीत टोचून द्यायच्या भुलेच्या) सुया, कॅथेटर यांच्या बाबतीत हे न बघता घेणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ.

हत्यारं: इथे वेळ घालवा

एकाच शेल्फवर दिसायला सारख्या दोन आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी धरून ठेवायच्या पकडी) असतात आणि भावात दुपटीचा फरक असतो. हा फरक दुकानातच तपासता येतो, आणि चांगला दुकानदार तपासू देतो. तपासू न देणाऱ्याकडून घेऊ नका.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. कात्र्या, आर्टरी, निडल होल्डर कडक केलेल्या 410 किंवा 420 जातीच्या स्टीलच्या असतात आणि त्या चुंबकाला चिकटल्याच पाहिजेत. चिकटली नाही तर स्टील मऊ आहे, दोन महिन्यांत टोकं फाकतील. किडनी ट्रे, वाट्या, ड्रम (माल भरून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचे डबे) मात्र 304 जातीचे असावेत, ते चिकटत नाहीत. पण इथे एक फसगत होते. 200 मालिकेतलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही, आणि पावसाळ्यात तेच आधी गंजतं. म्हणून भांड्यांच्या बाबतीत चुंबकावर न विसंबता बिलावर ग्रेड लिहून घ्यावा.

आर्टरी उजेडासमोर धरून हळूच बंद करा. टोकं आधी जुळली पाहिजेत, मग मागचा भाग. मधूनच उजेड दिसला तर ती रक्तवाहिनी धरून ठेवणार नाही. मग पहिल्याच खाचेवर अडकवून कडी तळहातावर आपटा. उघडली तर परत करा. सांध्यापाशी, म्हणजे दोन पाती एकमेकांतून जातात तिथे, भिंगाने बारीक चीर शोधा. गंजाची सुरुवात आणि मोड दोन्ही तिथूनच होतात. मोठ्या कात्रीने गॉजचे चार पदर टोकाशी कापून बघा, शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला गॉज चावली तर कात्री नको. निडल होल्डरमध्ये सुई धरून दुसऱ्या खाचेवर अडकवा आणि सुई बोटाने फिरवायचा प्रयत्न करा. सहज फिरली तर जबडा गेला. निडल होल्डरच्या बाबतीत सोनेरी कड्यांचे, टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या बसवलेले घ्यावेत. महाग पडतात, पण ओटीत सगळ्यात जास्त मार खाणारं हत्यार तेच आहे. बाकी सगळं साधं चालतं.

एका जनरल सेटसाठी आमची शिफारस अशी: स्पंज होल्डर 4, टॉवेल क्लिप 6, मॉस्किटो (छोटी आर्टरी) 6, सरळ आर्टरी 6, वाकडी आर्टरी 8, ॲलिस, बॅबकॉक आणि कोकर या पकडी अनुक्रमे 6, 2 आणि 2, सहा आणि आठ इंची निडल होल्डर प्रत्येकी एक, दातेरी आणि साधे चिमटे प्रत्येकी दोन, मेयो आणि मेट्झेनबॉम कात्री, दोरा कापायची वेगळी कात्री, जखम उघडी धरायला लँगनबेकची जोडी आणि डीव्हर 2. सिझेरियनच्या सेटमध्ये याला डॉयन (मूत्राशय बाजूला धरायला) आणि चार ग्रीन आर्मिटेज (गर्भाशयाच्या कडा धरायच्या पकडी) जोडा. दोरा कापायची कात्री वेगळी ठेवणं किरकोळ वाटतं, पण मेट्झेनबॉमने दोरे कापायला सुरुवात झाली की ती महिन्याभरात बोथट होते. ब्लेडच्या मुठी घेताना लक्षात ठेवा, 3 नंबरच्या मुठीला 10, 11, 12, 15 ची ब्लेडं बसतात आणि 4 नंबरला 20 ते 24. दोन्ही मुठी घेऊन एकाच मापाची ब्लेडं भरून आणण्याचा प्रकार फार वेळा होतो.

असे सेट किती? एक सजवलेला मोठा सेट घेण्यापेक्षा चार आटोपशीर सेट घ्या. कारण साधं आहे. उभ्या ऑटोक्लेव्हचं एक चक्र, पाणी तापण्यापासून माल सुकेपर्यंत, दीड तासाच्या आसपास जातं. दिवसाला चार ऑपरेशनं आणि दोनच सेट असतील तर दुपारी कुणीतरी घाई करतं, चक्र अर्ध्यावर थांबवतं, ओला ड्रम बाहेर काढतं. जखमा पिकण्याचं मूळ इथे असतं आणि दोष मात्र अँटिबायोटिकला दिला जातो.

ऑटोक्लेव्ह: इथे कंजूषी करू नका, पण भुलूही नका

दुकानदार मोठा, चकचकीत, डिजिटल पडद्याचा आडवा ऑटोक्लेव्ह दाखवेल. तालुक्याच्या ठिकाणी पहिला ऑटोक्लेव्ह साधा, उभा, दुपदरी आणि दोन ड्रम मावतील एवढा घ्यावा, शक्यतो ज्याचं तळ गॅसवरही तापवता येईल असा. लाइट गेली तरी काम चालू राहतं. विजेचा घेत असाल तर हीटर किती किलोवॅटचा हे बघा. चार किलोवॅटचा हीटर सतरा अँपिअरच्या वर ओढतो, साध्या 16 अँपिअरच्या प्लगवर तो लावला की प्लग जळतो. त्याला वेगळा एमसीबी आणि किमान 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. दोन्ही लोहार चाळीत त्याच दिवशी मिळतात, विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑटोक्लेव्हचं गेज 15 पौंड दाखवतं म्हणून आत 121 अंश आहेत असं होत नाही. आत हवा अडकली असेल तर दाब तोच दिसतो आणि तापमान कमी राहतं. निम्मी हवा उरली तर 15 पौंडांवर आत साधारण 112 अंशच असतात. म्हणून वाफेची चावी उघडी ठेवायची, सलग वाफेचा फवारा येऊ द्यायचा, त्यानंतरही पाचेक मिनिटं सोडायची आणि मगच चावी बंद करायची. गेज 15 वर आल्यावर घड्याळ लावायचं. गुंडाळलेल्या मालाला 121 अंशांवर 30 मिनिटं. ड्रमच्या बाजूच्या खिडक्या आत ठेवताना उघड्या, बाहेर काढल्यावर लगेच बंद. ड्रममध्ये कापड ठासून भरायचं नाही, मधून हात सरकला पाहिजे. गेजसोबत थर्मामीटर असलेलं मॉडेल मिळत असेल तर जास्त पैसे देऊन तेच घ्या. आमच्या मते या बाजारात जास्त पैसे द्यावेत अशी ही पहिली गोष्ट.

पट्ट्यांबद्दल. बाहेर चिकटवायची पट्टी काळी झाली म्हणजे ड्रम उष्णतेतून गेला, एवढंच कळतं. वाफ आतल्या मालापर्यंत पोचली का हे बघायला मधोमध ठेवायची केमिकल पट्टी लागते. आणि आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस जंतूच्या स्पोअरची (उष्णतेला सहज न मरणाऱ्या बीजाणूंची) कुपी ठेवून सगळे मरतात का बघावं, त्यासाठी छोटा इनक्युबेटर मिळतो. काही दुकानांतून बोवी-डिक चाचणीची पाकिटंही पुढे केली जातात. ती व्हॅक्यूम असलेल्या ऑटोक्लेव्हसाठी आहेत. उभ्या, साध्या ऑटोक्लेव्हला त्यांचा काडीचा उपयोग नाही, घेऊ नका.

बिघडतं काय? तीन गोष्टी. झाकणाचं गॅस्केट कडक होऊन वाफ गळते. बोअरच्या पाण्याने हीटरवर क्षार बसतो, हीटर तापून तापून तुटतो. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो, जे धोक्याचं आहे. म्हणून ऑटोक्लेव्हच्या बिलातच दोन गॅस्केट, एक हीटर आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. दुकानदार म्हणेल, लागेल तेव्हा फोन करा, पाठवतो. जुलैत मोखाड्याच्या रस्त्यावर पार्सल कधी पोचेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरायचं, हे ओटीतल्या मामांना पहिल्या दिवशी सांगून भिंतीवर लिहून ठेवा.

कापड

रुग्णावर पांघरायचे तयार डिस्पोजेबल ड्रेप आकर्षक असतात, पण दर महिन्याला पैसे लागतात आणि कचरा वाढतो. तालुक्याला सुती कापड परवडतं. मंगलदास मार्केटमध्ये घट्ट विणीचं हिरवं केसमेंट मागा. कापड उजेडासमोर धरा, बारीक छिद्रांतून उजेड चमकला तर वीण सैल. थेट शिवायला देऊ नका. आधी गरम पाण्यात धुवून आटवा, मग कापा, नाहीतर होल टॉवेलची भोकं आणि गाऊनच्या बाह्या पहिल्या धुण्यातच छोट्या होतात. ड्रेप दुहेरी शिवा. फाटलेलं रफू करू नका, सुईची छिद्रंच जंतूंना नवी वाट होतात. गरम इस्त्रीने चिकटणारा तुकडा लावा किंवा त्या कापडाचे गुंडाळायचे रुमाल करा. मॉबला (रक्त टिपायच्या कापडी घडीला) एका कोपऱ्यात नाडी शिवून घ्या, मोजणी सोपी होते.

वीज लागणाऱ्या वस्तू

रक्त-पाणी ओढून घेणारी सक्शन मशीन दुकानात चालवूनच बघा. नळीच्या टोकावर अंगठा ठेवला की गेजचा काटा झरझर 600-700 मिलिमीटरकडे गेला पाहिजे, अंगठा काढला की लगेच खाली यायला हवा. मग बादलीभर पाणी मागवा आणि ओढायला लावा. गेजवर दाब भरपूर दाखवून पाणी मात्र हळू ओढणारी मशीन बाजारात खूप आहेत, आणि सिझेरियनमध्ये कामाला येतो तो वेग. बाटलीच्या झाकणातला तरंगता व्हॉल्व्ह हलतो का बघा. तो अडकला की रक्त पंपात जातं आणि मशीन संपते. काचेची नको, पॉलिकार्बोनेटची बाटली घ्या, 121 अंशांना टिकते. नळी जाड सिलिकॉनची. पातळ पीव्हीसी दाबाखाली चपटी होते आणि ऐन वेळी सक्शन बंद पडलंय असं वाटतं. सोबत पायाने चालवायचं सक्शन एक घ्याच, कोपऱ्यात पडून राहिलं तरी चालेल.

कॉटरीच्या (विजेने कापणाऱ्या आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या मशीनच्या) बाबतीत आम्ही स्पष्टपणे सांगू: इथल्या दुकानातून नका घेऊ. ही मशीन अर्थिंग, वायरिंग आणि रुग्णाखालच्या प्लेटवर अवलंबून असते, आणि ती बसवून तपासून देणारा माणूस दुकानातून येत नाही. कंपनीला लेखी कळवा की आमच्याकडे व्होल्टेज 160 पर्यंत पडतं. त्यावर मशीन चालेल का, असं लेखी उत्तर मागा. स्टीलची जुन्या पद्धतीची प्लेट आणि त्यावर सलाइनची गॉज हा प्रकार अजून चालतो. गॉज सुकली की संपर्क तुटक होतो आणि उरलेल्या इवल्याशा जागेतून सगळा प्रवाह जातो, मांडीवर भाजतं. चिकटणारी दोन भागांची प्लेट आणि ती सुटली की बंद पडणारी मशीन घ्या. ओटीसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा आधी करा, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, मग मशीन आणा.

दिवा निवडताना आधी छताकडे बघा. जुन्या कौलारू किंवा पत्र्याच्या इमारतीत छताला लटकणारा दिवा बसत नाही. तिथे बॅटरीवर चालणारा चाकांचा एलईडी दिवा आणि डोक्याला लावायचा एक रिचार्जेबल दिवा, एवढं पुरतं. ओटीच्या दिव्यासाठी मधोमध किमान 40,000 लक्स उजेड हा आंतरराष्ट्रीय मानकाचा खालचा टप्पा आहे, स्पेसिफिकेशनमध्ये तो आकडा बघा. एलईडी सहसा जात नाही, जातो तो त्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट), वीज चढल्यावर. त्याच मॉडेलचा एक ड्रायव्हर सोबत घ्या.

ऑक्सिजन. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशीन) साधारण 350 वॉट घेतं आणि 93 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतं, इन्व्हर्टरवर चालतं. पण त्यातल्या झिओलाइटने (नायट्रोजन अडवणाऱ्या दाण्यांनी) ओलावा शोषला की शुद्धता घसरते आणि मशीन आवाज तसाच करत राहते. म्हणून शुद्धता दाखवणारं, अलार्म असलेलंच घ्या. दमट पावसाळ्यात फिल्टर आठवड्याला धुवा, पूर्ण सुकवूनच परत लावा. सिलिंडर हाताशी हवेतच. डी टाइप साधारण 7,000 लिटरचा असतो, मिनिटाला पाच लिटरने तेवीस तास. बी टाइप 1,500 लिटरचा, पाच तास. पिन इंडेक्स सिलिंडर (पिना जुळल्याशिवाय न बसणारा) आणि योक (त्याला पकडणारी चौकट) यांच्यामध्ये बोडोक सील नावाची नाण्याएवढी चकती असते, धातूच्या कड्यात बसवलेली. ती झिजली की ऑक्सिजन फसफसत गळतो आणि रातोरात सिलिंडर रिकामा होतो. ती मिळाली नाही म्हणून भलतंच रबर कापून लावणं घातक आहे, उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये चुकीचं रबर आणि तेलाचा एक थेंबही पेट घेतो. प्रिन्सेस स्ट्रीटवर या चकत्या मिळतात. दहा घेऊन ठेवा.

पुढच्या टप्प्याची ऑपरेशनं

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञासाठी हत्यारं घेताना एकच प्रश्न विचारा: हा माणूस महिन्यातून किती वेळा येणार? महिन्यातून एकदा येणाऱ्या युरॉलॉजिस्टने आपली दुर्बीण आणावी, तुम्ही टेबल, उजेड, भूल, धुण्याचं द्रव आणि रक्त तयार ठेवा. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला 1.5 टक्के ग्लायसिन (धुण्याचं द्रव) बरंच लागतं, पाच रुग्णांचा दिवस असेल तर टेम्पोत ते सगळ्यात जड सामान ठरतं. त्याऐवजी साधं पाणी वापरायचा मोह होतो. ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम पाडतं आणि तांबड्या पेशी फोडतं, रुग्ण टेबलावरच गोंधळायला लागतो. ग्लायसिन मुंबईहून आधी पाठवा, तज्ज्ञ नंतर बोलवा.

जुनी दुर्बीण विकत घ्यायचीच असेल तर पांढऱ्या कागदाकडे बघा. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर आतली काचेची कांडी सरकली किंवा नळी वाकली आहे. धूसर दिसलं तर आत ओल शिरली आहे, ती दुरुस्त होऊन परत येते आणि परत शिरते. फायबरच्या केबलचं एक टोक खिडकीकडे धरून दुसऱ्या टोकात बघा, जितके काळे ठिपके तितके तंतू तुटलेले. दुर्बीण ठेवायला फॉर्मेलिनच्या गोळ्यांचा डबा खूप दुकानं गळ्यात मारतात. त्याने खात्रीशीर निर्जंतुकीकरण होत नाही आणि वाफ ओटीतल्या सिस्टरच्या डोळ्यांना, फुप्फुसांना जाते. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइड घ्या. चालू केलेलं द्रावण 14 दिवसच चालतं, बाटलीवर तारीख घाला. वीस मिनिटांत जंतू मोठ्या प्रमाणात मरतात, पण स्पोअरसकट निर्जंतुक व्हायला दहा तास लागतात. बाहेर काढल्यावर निर्जंतुक पाण्यात नीट खंगाळा. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि गुलाबी झालं की भाजून परत वापरा.

पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो तालुक्यात वेळेवर मिळत नाही. असोसिएशन ऑफ रुरल सर्जन्स ऑफ इंडियाच्या मंडळींमध्ये यावर एक पर्याय रुळला आहे: पोटाची भिंत यांत्रिक हाताने वर उचलायची, गॅस भरायचाच नाही, आणि भूल स्पायनलची. इन्सफ्लेटरचा (पोटात गॅस भरणाऱ्या मशीनचा) आणि सिलिंडरचा सगळा खर्च वाचतो. दुकानात ही वस्तू मागितली तर बहुतेकांना माहीत नसते, उलट पूर्ण लॅपरोस्कोपी टॉवरचं कोटेशन हातात ठेवतात. ते घडी करून खिशात ठेवा. शिकलेला सर्जन असेल तरच हे उपकरण मागवा, आणि ते वापरणाऱ्या सर्जनांकडून पत्ता घ्या.

हर्नियाच्या जाळीबद्दल हमखास विचारलं जातं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरून केलेल्या ऑपरेशनांचा अनेक केंद्रांतला अभ्यास 2003 मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत प्रसिद्ध केला. पुढे युगांडातल्या रुग्णांवरची चाचणी 2016 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, तिथेही स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांत हर्निया परत होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. महाराष्ट्राच्या एका तालुक्यातून निघालेलं हे काम आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून मच्छरदाणी कापून आणू नये. त्या अभ्यासातली जाळी विशिष्ट पॉलिइथिलिनची होती. बाजारातली बरीच मच्छरदाणी पॉलिएस्टरची किंवा कीटकनाशक लावलेली असते. शिवाय पॉलिइथिलिनची जाळी 121 अंशांना टिकते, 134 ला आकसते. आता जाळीला उपकरणाचा परवाना लागतो. म्हणून इथे परवाना असलेली, साधी, 15 बाय 7.5 सेंटिमीटरची पॉलिप्रोपिलिन जाळी घ्या. भारतीय कंपन्यांची स्वस्तातली जाळी प्रिन्सेस स्ट्रीटवर चांगली मिळते. मुदत बघा, उन्हातल्या शोकेसमधली नका घेऊ.

दुभंगलेल्या ओठांच्या ऑपरेशनची हत्यारं फार थोडी लागतात. तिथे अडतं ते लहान मुलांच्या भुलेवर. दहा किलोच्या बाळाची भूल देणारा तज्ज्ञ आणि बालमापाच्या नळ्या, मास्क, पल्स ऑक्सिमीटरचा छोटा प्रोब हे सगळं असेल तरच हा विभाग सुरू करावा.

औषधं

स्पायनलसाठी 0.5 टक्के हेवी ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या 4 मिलिलिटरच्या कुप्या आणि 25 नंबरच्या सुया इथे भरपूर. सोबत रक्तदाब सावरणारं मेफेंटरमाइन किंवा फिनाइलएफ्रिन घेतल्याशिवाय स्पायनलचा माल टेम्पोत चढवू नका. गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन आणि स्नायू सैल करणारी सक्सामेथोनियम, ॲट्राक्युरियम 2 ते 8 अंशांत राहायला हवीत. दुकानदार बर्फाच्या पिशवीत टाकून देतो आणि कुपी बर्फाला टेकून गोठते, तेही वाईटच. बर्फ आणि कुप्यांच्या मध्ये पुठ्ठा घाला, डब्यात थर्मामीटर ठेवा. भुलेचं केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) येतं, वेगळी नोंदवही आणि कुलूपबंद कपाट लागतं. सहज मिळेल असं धरून ऑपरेशनची तारीख देऊ नका. आणि रक्त साठवायला घरगुती फ्रिज चालत नाही. रक्तसाठवण केंद्राची परवानगी आणि 2 ते 6 अंशांवर स्थिर राहणारा, अलार्म असलेला फ्रिज हवा. तोही कंपनीकडूनच.

बाजाराचे दोष

दोष सांगायलाच हवेत. चलनावर एक मॉडेल आणि खोक्यात दुसरं, हे घडतं. खोकं दुकानातच उघडा. 'जर्मन स्टील' हा शब्द जिभेवर असतो, त्याला अर्थ नाही, ग्रेड आणि परवाना विचारा. मशीनची वॉरंटी 'दुकानात आणून दिल्यास' अशी असते. ऑटोक्लेव्ह जव्हारहून मरीन लाइन्सला कोण आणणार? रिकंडिशन्ड मशीन आणि मोठ्या हॉस्पिटलांनी काढून टाकलेली, दान म्हणून येणारी मशीन यांना एकच कसोटी लावा: सर्व्हिस मॅन्युअल आहे का, सुटे भाग आजही बनतात का, व्होल्टेज आणि प्लग आपले आहेत का. तिन्हींचं उत्तर हो नसेल तर फुकट मिळालं तरी नम्रपणे नाही म्हणा. नंतर ती मशीन ओटीच्या बाहेरच्या पडवीत वर्षानुवर्षं जागा अडवते.

बाजार रविवारी बहुतेक बंद असतो आणि शनिवारी दुपारनंतर घाई असते, म्हणून मंगळवार-बुधवारी सकाळी लवकर या. दोन माणसं हवीत, एक ओटीची सिस्टर आणि एक विजेचं कळणारा. डॉक्टर आले नाहीत तरी चालतं, सिस्टर नसेल तर चालत नाही, कारण ड्रममध्ये काय मावतं आणि कोणती कात्री कशाला लागते हे तिलाच माहीत असतं. सगळी खरेदी मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. गॅस्केट, हीटर, ड्रायव्हर, बोडोक सील, सक्शनच्या नळ्या आणि सहा महिन्यांचे सुया-दोरे जूनच्या पहिल्या पावसाआधी ओटीच्या कपाटात, वरच्या खणात, नावाच्या चिठ्ठ्या लावून पोचलेले असावेत.